मुजरा मोडायचा क्लास

आम्ही ग्वाल्हेरचे जुने कॉलेजवाले कुठेही भेटलो, की चहा हमखास गार होतो. कोणी एक किस्सा काढला, की दुसरा म्हणतो, "ते सोड यार, जाधवचं सांग!" असे साठत साठत इतके झालेत, की घरचे म्हणतात, यातले निम्मे तुम्हीच रचलेत. म्हणोत बापडे! मी फक्त डोळ्यांदेखत घडलेले सांगतो.

संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. पलटणी मोडल्या, खाती इकडची तिकडे गेली, आणि आमच्या मराठी घरांना पहिल्यांदाच प्रश्न पडला, की पोराने करायचं काय? तोवर उत्तर ठरलेलं असे. आजोबा दरबारात, वडील दरबारात, मुलगाही दरबारात. आता दरबारच नाही!

अर्थशास्त्राच्या दिघे सरांनी मग कॉलेजात 'स्वावलंबन मंडळ' काढलं. नोकरी कशी मागायची आणि धंदा कसा करायचा, हे दर शनिवारी शिकवायचं. माझे वडील म्हणाले, "भिकेचे डोहाळे!" मी त्याच शनिवारी नाव घातलं.

*

जाधव 'शिंदे की छावनी' या मोहल्ल्यातला. वडील फौजेत सुभेदार होते. पलटण मोडली आणि ते घरी बसले. कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. त्यांचा हुकूम एकच, "सरकारी खुर्ची मिळव!"

सरांनी वर्गातच खोटा इंटरव्ह्यू घेतला. जाधव आत आला आणि वाकून मुजरा केला.

"तुम्हाला काय येतं?" सरांनी विचारलं.

"सर, माझे पणजोबा घोडदळात होते."

"नोकरीला ते येणार आहेत का?"

जायला सांगितलं तेव्हा जाधव उलट्या पावलांनी निघाला, कारण दरबारात धन्याला पाठ दाखवायची नाही, हे त्याला घरी शिकवलेलं. दारात प्रिन्सिपलसाहेब येत होते. दोघेही आडवे!

"हे काय चाललंय?" साहेब जमिनीवरूनच ओरडले.

"इंटरव्ह्यू!" सर म्हणाले.

*

मी जाधवला फार हसलो. पुढच्या शनिवारी माझी पाळी आली.

"कोणाचे तुम्ही?" सरांनी विचारलं. आमच्या गावात पहिला प्रश्न हाच असे. मी आजोबांपासून सुरुवात केली, काकांवर आलो, मग आत्याच्या सासऱ्यांकडे वळलो. सरांनी डोळे मिटून घेतले.

"देशपांडे, वंशावळ छान आहे. पण यात तुम्ही कुठे आहात?"

त्या दिवसापासून नियम झाला, की वर्गात जो काकांचं नाव घेईल, त्याने फळा पुसायचा. महिनाभर फळा मीच पुसला.

*

फौजेचे जुने तंबू मोडीत निघाले, तेव्हा सरांनी मंडळासाठी त्यांचं कापड घेतलं. जाधवला वडिलांनी तंबूची शिवण शिकवलेली होती. त्याने आम्हालाही शिकवलं, आणि शिवलेले थैले घेऊन आम्ही हजीऱ्याच्या बाजारात उभे राहिलो. नुसते उभे! ओरडायला कोणी तयार होईना.

एका बाईने भाव विचारला. जाधव मान झुकवून म्हणाला, "जो आप दे दें।"

"जाधव, हा नजराणा नाही, माल आहे!" सर मागून खेकसले.

जाधव चिडला. छाती पुढे काढून त्याने परेडच्या आवाजात गर्जना केली, "थैलाऽऽ! मज़बूत थैलाऽऽ!" समोरचा भाजीवाला दचकून ताठ उभा राहिला. संध्याकाळपर्यंत एकही थैला उरला नाही.

*

बातमी छावनीत पोचायला कितीसा वेळ लागतो? सुभेदार छातीवर पदकं लावून कॉलेजात आले.

"माझा पोरगा बाजारात चिल्लावून राहिला आहे?"

प्रिन्सिपलसाहेबांना आयतंच सापडलं. "दिघे, हे कॉलेज आहे, हाट नाही!"

"साहेब, मुलं इथून बाजारातच जाणार आहेत," सर म्हणाले. "थेट स्वर्गात जात असती, तर मंडळ बंद केलं असतं!"

सुभेदारांनी टेबलावरचा थैला उचलला आणि दोन्ही हातांनी ताणून पाहिला. फाटला नाही.

"टाका तर पलटणीचाच आहे," ते पुटपुटले. मग आठवण झाल्यासारखे गरजले, "पण खुर्ची सरकारीच पाहिजे!"

*

शेवटी खरा इंटरव्ह्यू आला. नव्या सरकारचं नवं ऑफिस, बाहेरगावचे नवे साहेब. जाधवनंतर माझा नंबर होता. सुभेदारही येऊन व्हरांड्यात बसले होते. दाराला बांबूच्या काड्यांची चिक होती, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं.

जाधव खांद्याला थैला लावूनच आत गेला. त्याने मुजरा केला नाही. काय येतं विचारल्यावर म्हणाला, "हिशेब आता है, सिलाई आती है, बाज़ार में माल बेचना आता है।" पणजोबांचं नावही काढलं नाही. मला इतका आनंद झाला, की मी उभाच राहिलो.

साहेबही खूश दिसले. म्हणाले, "सब ठीक है। मगर आप आदमी किसके हैं?"

राज्य गेलं, प्रश्न तोच!

"अपना ही हूँ, साहब।"

साहेब हसले. "तो फिर किसी को साथ लेकर आइए।"

जाधव उठला. टेबलाकडे पाठ केली आणि सरळ चालत बाहेर आला. शिपायाने माझं नाव पुकारलं. मी गेलोच नाही.

सुभेदारांनी सगळं ऐकलं होतं. ते उठले. आता काय होतंय, म्हणून मी श्वास रोखला. त्यांनी जाधवच्या खांद्यावरचा थैला काढून स्वतःच्या खांद्याला लावला आणि विचारलं,

"हजीऱ्याला किती वाजता जायचं असतं?"