बानूनं जुळवून दिलेला दिलरुबा

गाडी जुंपून झाली होती, दोन्ही पोरं ज्वारीच्या पोत्यांवर चढून बसली होती, आणि शेजारची बानू आमच्या ओट्यावर बसून माझा दिलरुबा जुळवत होती. एकेक खुंटी पिळायची, तार नखानं छेडायची, कान लावायचा, परत पिळायची. आमचे मालक कासरा धरून उभे होते. त्यांनी खाकरून पाहिलं. मग मला म्हणाले, "काहून एवढं लावून राहिली ती? गाडीत बसून कुनाला ऐकवायचंय?"

बानूनं ते ऐकलं. मान वर न करता म्हणाली, "ठैरो ना भाई, एकीच तार रै गई."

निजामाच्या राज्यातला तो शेवटचा माघ होता, पण तेव्हा हे कुणाला ठाऊक नव्हतं. रझाकारीच्या धास्तीनं जवळा बाजार या आमच्या गावातली दुकानं एकेक करून बंद होत होती. ज्याची कुठं सोय होती तो बायकापोरं घेऊन पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात निघून जात होता. आमचं कापडाचं दुकान होतं. सोय म्हणजे अकोल्याला मालकांचे मावसभाऊ होते. धाकटे दीर दुकान राखायला मागे राहणार होते. बानूचा नवरा निजाम सरकारचा गिरदावर, म्हणजे सारा-जमिनीची तपासणी करणारा अंमलदार. त्याच्या घराची आणि आमच्या घराची भिंत एक होती. त्या हिवाळ्यात दोघींच्या नवऱ्यांचं आपसातलं बोलणं बंद झालं. आमचं बंद झालं नाही, कारण आमच्या बोलण्यात राज्य कुणाचं हा विषय कधी आलाच नव्हता.

दिलरुबा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. खांद्याला टेकवून गजानं वाजवायचं वाद्य. वरच्या चार तारांवर गज फिरतो. त्यांच्याखाली बारीक तारांची एक रांग असते, तिला तरफा म्हणतात. तरफा कुणी वाजवत नाही. वरचा सूर जागेवर लागला तर त्या आपोआप बोलतात, नाही लागला तर गप्प बसतात. तरफा जुळवणं हे सगळ्यांत अवघड काम, आणि ते मला येत नव्हतं.

जवळ्याची माणसं मोडण्यासारखी कोणतीही वस्तू कापसात घालतात. काचेची भांडी असोत, देव असोत, बाळंतिणीचं औषध असो. मीही दिलरुबा कापसानं भरलेल्या पोत्यात घातला आणि तोंड शिवून टाकलं. मालक म्हणाले, "एवढ्या जागेत ज्वारीचं एक पोतं बसलं असतं."

"तर ते मी मांडीवर घेते," मी म्हणाले.

बानू हसली नाही. एरवी हसली असती. "सुर दो-चार दिन टिकेगा," एवढंच म्हणाली, "आगे हवा पे है." आणि त्यांच्या दारातून आत गेली. रडणं वगैरे काही झालं नाही. दोघींनाही सवय नव्हती.

दोन-चार दिवसही टिकायचं नव्हतं. औंढ्यापर्यंत नुसते धक्के बसले. गोरेगाव ओलांडून पैनगंगेत उतरलो, तिथं गाडीचं एक चाक खळग्यात गेलं आणि मागची बाजू पाण्याला टेकली. पोरं आणि ज्वारी वाचली. कापसाचं पोतं तेवढं भिजलं. कापूस पाणी पितो आणि धरून ठेवतो, हे कापसाच्या बाजारात जन्म काढून मला सुचलं नाही. पलीकडच्या काठावर पोतं उसवलं तेव्हा दिलरुब्याच्या पोटावरचं कातडं भिजून लोंबत होतं आणि सगळ्या तारा सैल पडल्या होत्या. मी एक खुंटी पिळून पाहिली, मग सोडून दिली. कुठवर पिळायची तेच ठाऊक नव्हतं.

मी शिकायला कशी लागले तेही सांगते, कारण मला अकोल्यात सगळ्यांनी तेच विचारलं. बानू पहिल्यांदा जवळ्याला आली तेव्हा तिला ज्वारीची भाकरी थापता येत नव्हती. हैदराबादची मुलगी, गव्हावर वाढलेली. ती माझ्याकडे भाकरी शिकायला आली. तिची भाकरी तव्यावर जाईपर्यंत तिच्या हातात दोन तुकड्यांत यायची. एकदा कंटाळून म्हणाली, "बाई, ये मेरे बस का नहीं. मैं तुमकू क्या सिखाऊँ, हिसाब बराबर होना." तिच्या माहेरून दोन दिलरुबे आले होते, एक तिचा आणि एक तिच्या वारलेल्या बहिणीचा. तो दुसरा मला मिळाला.

मला तेव्हा तिशी उलटली होती. शेतकऱ्याची लेक, दुकानदाराची बायको. आमच्यात बाईमाणसानं वाद्य हातात घ्यायची रीत नव्हती. ती कुणाची कामं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण दुपारची भांडी झाल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ माझा होता आणि त्या वेळात मी काय करते हे विचारायला मालक घरी नसायचे, दुकानात असायचे. विचारायच्या त्या आत्याबाई, माझ्या सासूबाई. पहिल्या महिन्यात माझा गज तारेवर नुसता घासायचा. आत्याबाई माजघरातून ओरडायच्या, "कोन मेलं गं शेजारी? एवढं काहून रडून राहिलं?"

"मीच हाय आत्याबाई," मी भिंतीपलीकडून ओ द्यायची.

"मंग जोरात रड, म्हंजे लवकर सरंल."

पुढे पुढे त्याच आमच्या घरातून त्या भिंतीला पाठ लावून बसायच्या. वाखाणलं कधी नाही, पण मी वाजवायचं थांबवलं की, "झालं व्हय एवढ्यात?" म्हणायच्या. त्या गेल्या तोवर मला चार राग साधारण वाजवता येत होते.

खुंट्यांना मात्र बानूनं हात लावू दिला नाही. तिच्या वडिलांचा दंडक होता. शिष्याचा कान तयार होईपर्यंत वाद्य उस्तादानंच जुळवायचं, राग बदलला की तरफा परत जुळवायच्या, त्याही उस्तादानंच. "खुंट्यांकू हात नको लगाओ बाई. पैले कान बनाव, हात बाद में." मी म्हणायची, अगं बाई, म्हातारी होईन. ती म्हणायची, होव. आम्हाला दोघींना वाटत होतं की वेळ भरपूर आहे.

अकोल्यात मालकांना जिनिंगमध्ये मुनिमी मिळाली. मला मिशनच्या दवाखान्यात स्टोअरचं काम मिळालं, चादरी, पडदे, बँडेजचं कापड. कापडातलं मला कळतं. नर्सा ड्यूटीवर आल्या की मी एप्रन मोजून द्यायची. राहायला एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. पोरांना शाळेत घातलं. ती महिन्याभरात वऱ्हाडी बोलायला लागली. खाण्यापिण्याची अडचण नव्हती. ज्यांची होती अशी आमच्याकडची पुष्कळ माणसं मी अकोल्यात पाहिली, त्यामुळे मी माझ्या गोष्टीबद्दल तक्रार करत नव्हते. दिलरुब्याचं कातडं वाळून परत ताणलं गेलं. गंजलेल्या तरफा मी काढून टाकल्या, बाजारातून तार आणून नव्या चढवल्या. दिसायला वाद्य पूर्ण होतं. एका भजनी मंडळातल्या पेटीवाल्यानं ते पेटीवर जुळवून दिलं. मी वाजवलं, तर एकही तरफ बोलेना. पेटीवाला म्हणाला, "बाई, बराबर तर हाय." मी त्याला चहा दिला. त्याचा काही दोष नव्हता; पेटीचे सूर बांधलेले असतात, बानूचे त्यांच्यापासून केसभर वेगळे होते.

मला फार काही नको होतं. बैठकीत वाजवायचं नव्हतं, कुणी टाळ्या द्यायला नको होत्या. दुपारी घटकाभर वाजवावं आणि ते बरोबर वाजावं, एवढंच. ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या कामाची नव्हती आणि म्हणून तिच्यासाठी कुणाकडे मदतही मागता येत नव्हती.

दवाखान्याच्या मोठ्या मडमच्या बंगल्यावर पडदे लावायला गेले तेव्हा मी हार्प पाहिला. माझ्या छातीइतका उंच, वाकडी लाकडी चौकट आणि तिच्यात उभ्या ताणलेल्या तारा. आधी मला वाटलं हातमाग आहे, ताणा घालून झालाय आणि विणायचं राहून गेलंय. मडम मराठी बोलायच्या, पुस्तकातलं, जपून. त्यांनी विचारलं, "तुम्ही संगीत जाणता काय?" मी म्हणाले, अर्धंमुर्धं.

त्यांनी मला बसवलं. प्रत्येक सुराला वेगळी तार, मधूनमधून एक तार लाल रंगाची, म्हणजे कुठं आहोत ते डोळ्यांना कळावं. गज नाही, दांडीवर सुरांचे पडदे नाहीत, तरफा नाहीत. तारा मेंढीच्या आतड्याच्या आहेत हे त्यांनी चाचरत सांगितलं. मी म्हणाले, माझ्या दिलरुब्याला बकऱ्याचं कातडं आहे, चालायचंच. मग त्यांनी खुंट्या पिळायची एक किल्ली माझ्या हातात दिली. "ही तार उतरली आहे. तुम्ही पिळा."

पहिल्याच दिवशी. मी किल्ली खुंटीवर बसवली. मग पिळली. शेजारची लाल तार छेडून पाहिली, परत थोडी पिळली, आणि थांबले. मडमनी कान लावला आणि म्हणाल्या, "अगदी तिथंच."

घरी येऊन मी दिलरुबा काढला आणि तरफा जुळवायला बसले. पुष्कळ वेळ लागला. पोरांनी स्वतःच पानं वाढून घेतली. शेवटी गज ओढला आणि खालून तरफा बोलल्या. मालक म्हणाले, "हां, आता जवळ्यासारखं." कान कधीचा तयार होता. बानूनं तो केला होता आणि तिचंच मला सांगायचं राहून गेलं होतं.

मडम नाताळ झाल्यावर कायमच्या विलायतेला जाणार होत्या. हार्प नर्सांच्या हॉस्टेलात ठेवून जाणार. "तोवर मी शिकवते," म्हणाल्या, "पुढे तुम्ही सांभाळा." मी आठवड्यातून दोनदा जाऊ लागले. दिलरुबा ठेवून हार्पच धरावा असं माझ्या मनानं घेतलं होतं, हे कबूल करते. बसायची जागा, जोडीला मडम, सगळं सोयीचं. अडत होतं एकाच ठिकाणी. दिलरुब्यावर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं, आणि बानूचं सगळं शिकवणं त्या घसरण्यातच होतं. हार्पवर एक तार संपली की दुसरीच सुरू होते, मध्ये काही नाही. जात्यावरची एक साधी चाल मी वाजवून पाहिली, तर ती चाळणीतून पडल्यासारखी तुकड्यातुकड्यानं आली. मडमना ती फार आवडली.

भाद्रपदात निजामी गेली. अकोल्यात पेढे वाटले, मीही वाटले. कार्तिकात धाकटे दीर आम्हाला परत न्यायला आले. दुकान शाबूत, घर शाबूत, वहिनी चला. मी पाणी द्यायच्या आधी विचारलं, "गिरदावराच्या घरची मंडळी कशी हायेत?"

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "घराला कुलूप हाय वैनी. गेले ते."

"कुठं?"

"कोनी परभणी म्हन्तं, कोनी हैदराबाद. आदी आपले निघाले, मंग त्यांचे. तवाचे दिवस लई वंगाळ होते, कोनी कोनाला इचारत न्हवतं."

"दोघं बी संगं होती का? तिच्या हातात दिलरुब्याची लांब पेटी होती का?"

"म्या काय त्यांची गाठोडी मोजून राहिलो होतो का वैनी?" ते चिडून म्हणाले. मग हळू म्हणाले, "म्या दुकानाचं दार लावून आत बसलो होतो."

मी त्यांना पाणी दिलं. मी तिथं असते तर दार उघडलं असतं का, हे मला माहीत नाही. संध्याकाळी मी दिलरुबा वाजवला, तेव्हा ते पडवीत बसून ऐकत होते. झाल्यावर, मला बरं वाटावं म्हणून असेल, विचारलं, "बराबर वाजलं का वैनी?"

"ठाऊक नाही," मी म्हणाले. खरंच ठाऊक नव्हतं. तरफा बोलत होत्या, पण गंधार एक केस चढा आहे असं मला वाटत होतं, आणि मला वाटतं म्हणजे तो आहेच असं नाही.

हार्प जवळ्याला घेऊन जा असं मडम म्हणाल्या, तर मी नको सांगितलं. त्यांनी कारण विचारलं तर म्हणाले, एक वाद्य नदीत बुडवून झालंय, दुसरं बैलगाडीत घालायची हिंमत नाही. त्या हसल्या. पौषात आम्ही जवळ्याला परत जातोय. पोरं रडतायत, त्यांना अकोला सोडायचं नाही. मालक खूश आहेत. मला जी-ती बाई विचारते, आता घरी जाणार म्हणून आनंद झाला असेल ना? मी हो म्हणते. जिथं बानूची खबर येऊ शकेल ती जागा मला धरून ठेवायची आहे, आणि ती आली तर त्या ओट्यावरच येईल. सध्या तरी घर या शब्दाचा माझ्यापुरता एवढाच अर्थ उरलाय.

हे वाचणाऱ्यांपैकी जे आमच्या मुलखात मागे राहिलात, आणि जे गेलात, कुठंही असा, ही बाई कुणाला भेटली का ते कळवा. उंच आहे, बोलताना उजवी भुवई वर जाते. डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांच्या टोकांना तारेचे काळे वळ आहेत, ते घासून जात नाहीत. भाकरी येत नाही. ओळख पटली तर म्हणावं, शेजारच्या गोदानं खुंट्यांना हात लावला आहे, येऊन एकदा ऐकून जा. पौषाच्या आत कळलं तर मी अकोल्याला आहे. त्यानंतर जवळा बाजार, कापडाचं दुकान. शेजारच्या घराला कुलूप आहे, त्यावरून ओळखा.