शेपटावरची लाल खूण

फुलसावंगीत फवारणीचा पंप बिघडला की लोक नागोरावकडे जात, आणि घरात साप निघाला तरीही नागोरावकडेच. पंपाचा वायसर बदलायला तो जितका वेळ घेई, त्याच्या निम्म्या वेळात नाग पोत्यात घाली.

त्या साली कापसाचा भाव असा पडला की कोणी बाजाराकडे गाडी जुंपेना. चढंन, चढंन म्हणत लोकांनी कापूस घरातच ठेवला. रामरावच्या मधल्या खोलीत छातीइतकी गंजी. पोरगी निकिता तिच्यावरच अंथरूण टाकी. सरकीला उंदीर आले, उंदरांमागे साप. होळीपर्यंत गावात सहा नाग निघाले, एक मोतीबाईच्या घरात, एक शाळेमागे. सहाही नागोरावनं धरले, आणि तिथंच लोकांचं डोकं फिरलं.

"यालेच कसा दर वक्ती सापडते?" रामरावची बायको कोकिळा हापशीवर म्हणाली. "अन् धरला की घरी नेते, मडक्यात ठेवते. कायले? लोनचं घालाले? का पुन्हा आपल्याच घरात सोडाले?"

सातवा रामरावच्याच कापसात निघाला. नागोरावनं धरला, तर रामराव दारात आडवा.

"थांब. शेपटाले खून करतो. हाच पुन्हा गावात दिसला, तर तुले कोनी दारात उभं नाई करनार. पंपालेबी नाई."

"करा ना भाऊ. हयद लावा, कुंकू लावा. लगनच लावून द्या त्याचं."

निकितानं नेलपॉलिशची बाटली आणली. नागोरावनं शेपूट धरून दिलं, रामरावनं टोक लाल केलं. कोकिळा लांबूनच सांगत होती, "दाट लावा जी, पुसून टाकंन थो."

तो नाग जंगलात सोडायचा होता. पण घरी येऊन पाहतो, तर नागाचे डोळे दुधाळलेले. कात टाकायला आलेला. अशा दिवसांत सापाला धड दिसत नाही.

"आत्ताच्या आत्ता सोडून या," त्याची बायको रुखमाबाई म्हणाली. "लोक टपून बसले."

"अवं, आंधया झाला थो. घारीनं उचलला म्हंजे? कात टाकू दे, मंग सोडतो."

मडक्याला फडकं बांधलं, वर पाट ठेवला.

नवव्या दिवशी दुपारी नागोराव चौकात पंप उघडून बसला होता. तिथूनच त्याला ओढत नेलं. रामरावच्या गंजीत, निकिताच्या उशीमागे नाग. नागोरावनं काठीनं तो बाहेर काढला आणि पोत्यात घालण्याआधी शेपूट वर धरलं. अख्खी गल्ली वाकली. शेपूट कोरं.

"नाई बुवा, दुसराच हाय," रामराव ओशाळला. "नागोराव, बस. च्या घे."

नागोरावनं चहा घेतला, पण नजर पोत्यावरून हलली नाही. नाग नव्या भांड्यासारखा चकचकत होता.

घरी पाट कलंडलेला, फडकं सैल. मडक्यात नुसती कात, आणि कातीच्या टोकाला लाल ठिपका.

रुखमाबाईनं ती चुलीकडे नेली. "कोनाले मालूम हाय? च्या पाजला ना त्यायनं?"

"पोरीच्या उशापाशी होता थो," नागोराव म्हणाला. तिच्या हातातून कात घेतली आणि निघाला.

रामरावच्या ओट्यावर त्यानं कात पसरली. "माह्याच मडक्यातून निंघाला. चूक माही. पन पह्यले सहा मी जंगलात सोडले, भाऊ."

शेवटचं वाक्य कोणी ऐकलंच नाही. कोकिळा बोटं मोडत होती, "म्हंजे मोतीबाईकडचाबी याचाच. अन् शाळेमांगचाबी." एक कबूल केला, सातही अंगाला चिकटले.

मग पंप दुरुस्तीला पुसदला जाऊ लागले. पण साप काही पुसदहून येत नव्हते. महिन्याभरात कोकिळाच्या सैपाकघरात, पिपांच्या मागे मण्यार दिसली. आर्णीचा एक सापवाला दिवसभर वाट पाहूनही आला नाही, तेव्हा नागोरावला बोलावणं गेलं.

तो आला. रामरावनं उंबऱ्यावरच थांबवलं. "थैली उलटी कर."

केली.

"बंडीबी झटक," मागून कोकिळा म्हणाली.

नागोरावनं बंडी काढून झटकली, टोपी झटकली. "झालं का वहिनी? का धोतरबी?"

तो आत गेला. कोकिळानं पाठोपाठ दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली.