पालकाचा व्यवसाय

बारावीला मी दोनदा बसलो, त्यामुळे फॉर्म भरण्यात माझा हात धरणारा आमच्या गल्लीत कोणी नव्हता. लातुरात त्या काळी दुसऱ्यांदा बसणाऱ्याला नापास म्हणत नसत, 'रिपीटर' म्हणत. शब्द असा ऐटबाज होता की पहिल्या खेपेला चांगले मार्क पडलेल्यांनाही आपलं काहीतरी हुकलं असं वाटावं. मी रिपीट केलं आणि माझ्यापेक्षा वर्षानं लहान असलेली बहीण माझ्याच बाकावर येऊन बसली. म्हणजे शब्दशः नव्हे, मुलींचे बाक वेगळे होते. पण घरात एकच पुस्तक दोघांत आलं आणि ते कायम तिच्याकडंच असायचं. मी त्याला अडथळा न आणण्याचा मोठेपणा दाखवला.

आम्ही मूळचे उदगीरचे. वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो, आईला अव्वा. अप्पा उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होते. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढवायचा, वजन मोठ्यानं पुकारायचं आणि आडत्याच्या दुकानात लिहून द्यायचं, हे त्यांचं काम. पहिल्या पोत्याला ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन... हा लाभ ज्याच्या घरी जायचा त्याच्या घरी जायचा, अप्पांच्या वाट्याला तोलण्याची मजुरी, तोलाई, यायची. पण मोंढ्यातल्या माणसाची एक गंमत असते. लग्नात कोणी विचारलं, "काय करता?" की हमालापासून आडत्यापर्यंत सगळे एकच सांगतात, "मोंढ्यात व्यापार." अप्पाही तेच सांगायचे. कोणाचं काही बिघडत नव्हतं.

आम्हा दोघांच्या शिक्षणासाठी अव्वानं लातुरात एक खोली भाड्यानं घेतली आणि आमचा स्वयंपाक करायला तिथं येऊन राहिली. उदगीरला अप्पा हातानं करून खायचे. त्याच वर्षी भूकंप झाला. गणपती विसर्जन होऊन लोक नुकते झोपले होते, पहाटे जमीन हलली आणि मी एका झेपेत दाराबाहेर. अव्वा आणि बहीण मागून आल्या. "तुमच्यासाठी वाट मोकळी करत होतो," असं मी सकाळी सांगितलं. बहिणीनं इतकंच म्हटलं, "हाव, आणि कडी पण बाहेरून लावून घेतलीस." ते खरं होतं, कडी शेजाऱ्यानं काढली. घाबरलेल्या माणसाचा हात सवयीनं चालतो.

पुढं कित्येक आठवडे अर्धं लातूर मैदानात ताडपत्र्या टाकून झोपायचं. क्लासच्या सरांनी मात्र चौथ्याच दिवशी वर्ग सुरू केले. म्हणाले, "बोर्डाला भूकंप झालेला न्हाई." बहिणीनं ते वाक्य मनावर घेतलं. ताडपत्रीखाली बसून तिनं गणितं सोडवली. मी ताडपत्रीचे दोर घट्ट करायचं काम स्वतःकडं घेतलं आणि ते काम कधी संपू दिलं नाही.

निकाल लागला. ती गुणवत्तेत आली. मला मागच्या वर्षापेक्षा अकरा मार्क जास्त पडले. वर्षाला अकरा, म्हणजे महिन्याला एकही नाही.

नांदेडजवळ एक खाजगी इंजिनिअरिंग कॉलेज नुकतं उघडलं होतं. तिथं एक शिष्यवृत्ती होती: गुणवत्तेत आलेली मुलगी असेल आणि घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल, तर चार वर्षांची पूर्ण फी माफ. बाकीच्यांना पेमेंट सीट, म्हणजे सगळी फी घरची. अप्पांनी उभ्या उभ्या हिशेब लावला. पोरीची फी माफ होईल आणि आजवर साठवलेलं सगळं पोराच्या सीटला लागेल. दोघं एका कॉलेजात, एकमेकांवर लक्षही राहील. सगळा डाव त्या शिष्यवृत्तीवर होता. ती मिळाली नाही तर घरातून एकच जण नांदेडला जाणार होता, आणि कोण, हे कोणी बोलून दाखवत नव्हतं.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अप्पांनी तहसीलला आठ चकरा मारल्या. निम्मे कर्मचारी अजून किल्लारीकडच्या पुनर्वसनावर होते. अप्पा विचारायचे, "साहेब हायेत का?" आतून उत्तर यायचं, "साहेब भूकंपात हायेत." सातव्या खेपेला तिथला एक बाबू दया येऊन म्हणाला, "अप्पा, तुमचं घर पडलं असतं ना, तर दाखला लवकर मिळाला असता." आठव्या खेपेला दाखला मिळाला. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं: व्यवसाय मापाडी.

फॉर्म अर्थातच मी भरले. कॉलेजच्या व्हरांड्यात लांब रांग होती आणि सगळे पुढच्याच्या पाठीवर कागद ठेवून लिहीत होते. माझ्या पुढच्या पोराचे वडील डॉक्टर, मागच्याचे वकील. मागचा माझ्या खांद्यावरून वाकून बघून राहिला होता. 'पालकाचा व्यवसाय' या रकान्यापाशी माझा पेन थबकला. मापाडी म्हणजे काय, हे त्या वकिलाच्या पोराला समजावत बसावं लागलं असतं. शिवाय आधीच कोणीतरी कानात सांगितलं होतं की पेमेंट सीट देताना बाप पैसे भरू शकेल का, तेही बघतात. मी झोकात लिहिलं, 'व्यापारी'. मागच्यानं विचारलं, "कशाचा व्यापार?" मी म्हणालो, "डाळी, करडी, सगळंच." खोटं नव्हतं. अप्पा सगळंच तोलायचे.

मग बहिणीचा फॉर्म काढला. आडनाव, पत्ता, तालुका सारखंच, म्हणून मी माझ्या फॉर्मवरून तिच्यावर उतरवत गेलो. रकान्यामागून रकाना, वळणदार अक्षरात. उत्पन्नाच्या रकान्यात दाखल्यावरचा आकडा टाकला. व्यवसायाच्या रकान्यात माझ्या फॉर्मवरचा शब्द गेला. मला कळलंसुद्धा नाही. संध्याकाळी अप्पांनी दोन्हींवर सही केली. त्यांना सही येत होती आणि वाचताही येत होतं, पण मी भरलेलं ते वाचत नसत. दुसऱ्या दिवशी फॉर्म दिले आणि माझ्या फॉर्मसोबत पहिला हप्ता भरला.

आठवड्याभरानं कागद तपासायला बोलावलं. अप्पा आणि मी गेलो. बहीण घरी अव्वासोबत राहिली होती, हॉस्टेलला न्यायची यादी करत. खिडकीमागचे कारकून वयस्क, चष्मेवाले, चांगले गृहस्थ होते. त्यांनी दाखला वाचला, फॉर्म वाचला, परत दाखला वाचला.

"अप्पा, दाखल्यात तुम्ही मापाडी, फॉर्मात व्यापारी. खरं काय म्हणायचं?"

अप्पांनी फॉर्म हातात घेतला. अक्षर ओळखलं. माझ्याकडं पाहिलं नाही.

"पोरानं भरलंय, साहेब. चुकून झालं. दुरुस्त करून घ्या."

"खाली सही तुमची हाय. आणि हा दुसरा फॉर्म, तुमच्या मुलाचा, त्यात पण व्यापारीच हाय. दोनदा चुकून होतं का?" त्यांनी फॉर्मच्या तळाशी बोट ठेवलं. तिथं छापलं होतं की खोटी माहिती आढळल्यास प्रवेश रद्द. मग ते जरा पुढं वाकले. "एक करता येतं. मुलानं लिहून द्यावं की दोन्ही फॉर्म मी भरले, माहिती मी जाणून खोटी लिहिली, पालकांना ठाऊक नव्हतं. मग मुलीचा फॉर्म मी दुरुस्त करून घेतो, शिष्यवृत्ती राहते. पण मुलाचा प्रवेश जाईल, आणि भरलेला हप्ता परत मिळत न्हाई, ते आधीच सांगतो."

"आणि तसं न्हाई लिहून दिलं तर?"

"तर तुम्ही व्यापारी. दाखला बाजूला. मुलाची सीट राहते, मुलीची शिष्यवृत्ती जाते."

त्यांनी एक कोरा कागद खिडकीतून माझ्याकडं सरकवला. आता या ठिकाणी मला काहीतरी विनोदी लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या खिशाला पेन होता. त्याच पेनानं मी त्या वर्षी अर्ध्या क्लासचे फॉर्म भरले होते. मी शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचा डावा, मग उजवा, मग पुन्हा शर्टाचा. पेन वरच्या खिशात, टोपणासकट, अप्पांच्या डोळ्यांसमोर. मी म्हणालो, "पेन दिसून राहिला न्हाई."

अप्पांनी तो कोरा कागद उचलला, तसाच परत आत सरकवला आणि मोंढ्यात वजन पुकारायच्या आवाजात म्हणाले, "मी व्यापारी हाय, साहेब."

परतीच्या एसटीत अप्पा खिडकीशी बसले होते. बाहेर बघतच म्हणाले, "घरी मी बोलतो. तू तोंड उघडू नको." मी उघडलं नाही. त्या दिवशी मला जे जे सांगितलं गेलं, ते सगळं मी पाळलं.

घरी बहीण ट्रंकेला कागद लावत होती. अप्पा खाली बसले आणि म्हणाले, "माय, यंदाची शिष्यवृत्ती भूकंपग्रस्तांच्या पोरांना देऊन राहिलेत. तिकडनं तसं पत्र आलंय."

बहिणीनं हातातला कागद ट्रंकेच्या कोपऱ्यात नीट बसवला. मग म्हणाली, "बरं झालं, अप्पा. त्यांचं तर सगळंच गेलंय. मी डी.एड. करीन, उदगीरला होतंय."

तिच्या आवाजात रडं नव्हतं. एखाद्या अनोळखी पोरीला आपण काहीतरी दिलं, याचा अभिमान होता. अव्वा मात्र भाकरी थापता थापता थांबली. माझ्याकडं बघत म्हणाली, "भूकंपाला पोरीचीच फी बरी सापडली. याच्या सीटला धक्कासुद्धा बसला न्हाई?"

अप्पा हातपाय धुवायला उठले. ट्रंकेला कागद लावून झाला होता. ती ट्रंक मी नेली.

चार वर्षांचं इंजिनिअरिंग मी सहा वर्षांत केलं. त्या दोन वर्षांच्या जादा फीसाठी अप्पा हंगाम संपल्यावरही मोंढ्यात कामं शोधत फिरायचे. नोकरी लागली नाही, म्हणून नांदेडला क्लास काढला. क्लास चालला. आज माझ्या दाराशी गुणवंतांचे फोटो आहेत आणि मीही शिष्यवृत्ती देतो. एक परीक्षा घेतो, तिला बसणाऱ्या प्रत्येकाला काही टक्के सूट निघते. फी आधी तेवढीच वाढवलेली असते. पालक डोळ्यांत पाणी आणून सूट घेतात. मी नमस्कार करतो. लोक मला शिक्षणक्षेत्रातला माणूस म्हणतात.

अप्पांमध्ये एकच बदल झाला. त्यानंतर लग्नाकार्यात कोणी विचारलं की ते 'मोंढ्यात व्यापार' म्हणत नसत. "मापाडी," असं स्वच्छ सांगायचे, आणि समोरच्याला कळलं नाही तर समजावूनही सांगायचे. मी जवळ असलो तर जरा जास्त वेळ समजावायचे. त्या खिडकीबद्दल मात्र शेवटपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. अव्वाला ठाऊक होतं की नव्हतं, हे विचारायची माझी छाती झाली नाही. आता दोघंही नाहीत.

बहीण रेणापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. गणित शिकवते. मागं तालुक्यात तिचा सत्कार झाला, तेव्हा मी पेढे घेऊन गेलो होतो. भाषणात तिनं तीच गोष्ट सांगितली. आपली शिष्यवृत्ती भूकंपातल्या एका मुलीला गेली, ती मुलगी कुठंतरी इंजिनिअर झाली असेल, आणि आपल्याला कधीही त्याचं वाईट वाटलं नाही. "माझ्या वर्गातल्या प्रत्येक पोरीला मी हे सांगते," म्हणाली. मंडप टाळ्यांनी भरून गेला. माझ्या शेजारचा माणूस उभा राहून टाळ्या वाजवत होता.

खाली उतरल्यावर ती थेट माझ्याकडं आली. शाल अजून खांद्यावर होती.

"दादा, सगळे टाळ्या वाजवून राहिले होते. तू कामून न्हाई वाजवल्यास?"

"हातात पेढ्याचा डबा होता."

"खाली ठेवायचा ना मग."

ती हसत होती. नेहमीसारखीच, माझी खोडी काढायला. मी डबा उघडून तिच्यापुढं धरला. तिनं पेढा घेतला, अर्धा मोडून माझ्या तोंडात घातला आणि पुढच्या पाहुण्यांकडं गेली. तोंड भरलेलं असल्यामुळं मला काही बोलता आलं नाही, असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं.