बावटा उतरवण्याचा हुकूम

बावटेमामांना पोहता येत नाही हे सगळ्या बेटाला ठाऊक होतं, आणि लोक त्यांच्यावर भरवसा ठेवत ते त्यामुळेच. पोहता येणारा माणूस समुद्राला हलक्यात घेतो, असं मामा स्वतःच सांगत. एकतीस वर्षं ते धक्क्यावरच्या खांबाशी नोकरीला होते. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या बंदर कचेरीतून फोन आला की लाल बावटा चढवायचा. मग इकडची होडी खडकांमधल्या वाटेतून बाहेर पडायची नाही आणि तिकडची निघायची नाही. बावटा पाहूनही जो होडी हाकेल त्याचा परवाना रद्द. घरीसुद्धा लाल काही बाहेर वाळत घालायची बंदी होती. एकदा मामींनी लाल चादर दोरीवर टाकली, तर दोन होड्या अर्ध्या वाटेतून मागे फिरल्या होत्या. एका होडीत नवरामुलगा होता. त्याच्या घरचे मामींशी अजून बोलत नाहीत.

आता नियमाचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच अडलं. बारा वर्षांपूर्वी कोणा टवाळाने बंदर कचेरीतल्या साहेबांचा आवाज काढून फोन केला, मामांनी बावटा उतरवला आणि एक होडी उसळत्या पाण्यात उलटली. माणसं वाचली, पण मामांच्या घशाखाली आठवडाभर घास उतरला नाही. मग त्यांनी बसून तीन पानी अर्ज लिहिला, की चढवायला फोन पुरे, उतरवायला मात्र सहीशिक्क्याचा कागदच हवा. कचेरीने आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं काही ऐकलं. हा कागद सरकारी लाँच घेऊन यायची. तिला बावट्याचं बंधन नव्हतं, त्यामुळे बारा वर्षं कोणाला काही खटकलं नाही. यंदाच्या वादळात ती लाँच तिकडच्या धक्क्यावर आपटून फुटली.

वादळ रविवारी आलं आणि मंगळवारी गेलं. उडालेले पत्रे लोकांनी शोधून आणले. एक पत्रा दोघांनी आपला म्हणून ओढला, तो शेवटी तिसऱ्याचाच निघाला. समुद्र इतका निवला की लहान मुलांनी कागदाच्या होड्या सोडाव्यात. वाऱ्याचा पत्ता नाही. बावटा खांबाला चिकटून लोंबकळत होता, पण होता वरच.

साहेब रोज सकाळी फोन करत. हुकूम तयार आहे, सही झाली, शिक्का झाला, टेबलावर पडलाय, पण बावटा वर असताना होडी सोडता येत नाही, असं ते सांगत. हुकूम हातात आल्याशिवाय मला उतरवता येत नाही, असं मामा सांगत. मग दोघं एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करून फोन ठेवत. साहेबांनी एकदा नियमच रद्द करू म्हटलं, तेव्हा तो कागदही होडीनेच यावा लागेल, याची मामांनी त्यांना अदबीने आठवण करून दिली. दुकानदाराने वेगळीच शक्कल लढवली: बावटा मळलाय, धुवायला तरी काढा. मामांनी तो काढला, साबण लावून स्वच्छ धुतला, आणि तो वाळेपर्यंत खांबावर जादाचा चढवला.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मामी पलीकडे अडकल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. दहा वर्षं त्यांना सगळं धुरकट दिसायचं. दारात कोण आलं हे त्या पावलांवरून ओळखायच्या. जाताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं, "पट्टी तुम्हीच सोडायची. पहिले तुम्ही दिसायला हवेत." मामांनी शब्द दिला होता.

पट्टी सुटायची होती गुरुवारी. गुरुवारी मामा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, पिशवी घेऊन धक्क्यावर आले आणि स्वतःच्याच बावट्याखाली उभे राहिले. हात दोनदा दोरीकडे गेला. दोन्ही वेळा त्यांना ती उलटलेली होडी आठवली. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, हे त्यांना कळत होतं, आणि भर धक्क्यावर त्यांना रडू आलं. संध्याकाळी हॉस्पिटलातून निरोप आला, की बाई पट्टीला कोणाला हात लावू देत नाहीत, डॉक्टर वैतागलेत.

रविवारी सकाळी एक छोटी होडी खडकांमधून सरळ आत आली. वल्ही मारत होता मामांचा मेव्हणा. सुकाणू धरून बसल्या होत्या मामी, डोळ्यांना पट्टी तशीच. मामांचा जीव आधी भांड्यात पडला आणि मग कंठाशी आला.

"बावटा दिसला नाही?" त्यांनी कामाच्या आवाजात विचारलं.

"वल्ही मारणाऱ्याची पाठ बेटाकडे असते, भावोजी," मेव्हणा म्हणाला. "मला सगळा वेळ हॉस्पिटलची पाण्याची टाकी दिसत होती. ती नाकासमोर ठेवली की होडी बरोबर इथं लागते."

"आणि सुकाणूवर?"

"मी," मामी म्हणाल्या. "मला कुठून दिसणार?"

मामांनी नियम मनात दोनदा वाचला. पाहूनही हाकेल तो. यात पाहिलं कोणीच नव्हतं.

मामींनी कमरेची पिशवी सोडून हुकूम काढला. भावाचा हात धरून त्या कचेरीत गेल्या होत्या, आणि साहेबांनी तो आनंदाने दिला होता. कशा जाणार, हे मात्र मुद्दाम विचारलं नव्हतं. मामांनी सही पाहिली, शिक्का पाहिला. धक्क्यावरचे लोक बोचकी उचलून उठले. सवयीने मामा दोरीकडे वळले.

"उतरवा तुमचा बावटा," मामी म्हणाल्या. "मी बसते."

त्यात राग नव्हता. एकतीस वर्षं त्या अशाच बसत आल्या होत्या, आणि हे मामांना त्या क्षणी लख्ख कळलं. त्यांनी हुकूम घडी करून खिशात ठेवला आणि बायकोसमोर बसून पट्टी सोडायला घेतली.

मामींनी डोळे मिचकावले, मग त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून पाहिला.

"अहो, तुम्ही म्हातारे कधी झालात?"

"तुला दिसत नव्हतं तेव्हा."

लोक बावट्यासाठी हाका मारत राहिले. मामींना अजून कपाळ, कान, गळा बघायचा होता, आणि मामा हलले नाहीत.

हुकूम मिळाला साडेदहाला, बावटा उतरला सव्वाअकराला. संध्याकाळच्या अहवालात उशिराच्या कारणासाठी एक रकाना होता. एकतीस वर्षांत तो भरायची वेळ पहिल्यांदाच आली. मामांनी लिहिलं, "बायको बघत होती."