डॅरलची मान आणि आईचं लुगडं

"ह्याला काय लावू?" असं म्हणत त्याने कॉलर खाली ओढली, आणि कोविड बूस्टरच्या रांगेतली बाई झटकन मागे सरली. दीड मीटरचं अंतर आमच्या फार्मसीत त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाळलं गेलं.

माणूस साठीचा, दाराएवढा रुंद, नाव डॅरल. मानेवर चारपाच चिकटपट्ट्या, आडव्या-उभ्या, कुणीतरी खोका पॅक केल्यासारख्या. पट्ट्यांच्या कडेने कातडी लालभडक झालेली आणि पाणी सुटलेलं. बाहेर बेचाळीस डिग्री. पर्थचा उन्हाळा तसाही कुणाला सोडत नाही.

"पट्टी किती दिवस लावलीयस?"

"कायदा आला तेव्हापासून."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलियात नुकताच नवा कायदा झाला होता. ठरावीक मोटरसायकल गँगांची निशाणी सार्वजनिक जागी दिसता कामा नये. जाकीट नको, बिल्ला नको, अंगावरचा टॅटूसुद्धा नको. दिसला तर दंड, नाहीतर थेट तुरुंग. डॅरलच्या मानेवर अशाच एका क्लबची घोरपड गोंदलेली होती. क्लबचं नाव मी लिहीत नाही, माझ्या दुकानाचा दर्शनी भाग काचेचा आहे.

खरं सांगायचं तर कायदा आला तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. पूर्वी एकदा तशी जाकिटं घातलेले दोघे माझ्या काउंटरला येऊन नुसते उभे राहिले होते. बोलले काहीच नाहीत. जाकिटंच बोलत होती. प्रिस्क्रिप्शनशिवाय मी काही दिलं नाही, पण त्या रात्री दुकानाचं कुलूप तीनदा ओढून पाहिलं. त्यामुळे डॅरलची मला लगेच दया वगैरे आली नाही.

"अजून आहेस क्लबात?"

"सोडून अकरा वर्षं झाली, लव्ह."

"मग लेझरने काढून का नाही टाकलास?"

"मॉरीनने दिलाय. चाळिसाव्या बर्थडेला."

मॉरीन म्हणजे त्याची बायको.

त्याला झालं होतं त्याला कॉन्टॅक्ट डर्मटायटिस म्हणतात. म्हणजे चिकटवलेल्या गोष्टीवर कातडीने काढलेला राग. पण इथे वर इन्फेक्शनही दिसत होतं, म्हणून मी त्याला डॉक्टरकडे पिटाळलं. तासाभराने तो अँटिबायोटिकचं प्रिस्क्रिप्शन घेऊन परत आला. खाली डॉक्टरने ठळक लिहिलं होतं: काहीही चिकटवू नये, हवा लागू द्यावी.

"डॉक्टर म्हणतो उघडी ठेव. पोलिस म्हणतात झाक. तू काय म्हणतेस?"

"आठवडाभर घरी बस."

"मग मॉरीनला भरवणार कोण?"

आणि मग त्या धिप्पाड माणसाने खुर्ची ओढून घेतली आणि सगळं सांगितलं. मॉरीन नर्सिंग होममध्ये होती, डिमेन्शिया. दुपारचं जेवण ती फक्त डॅरलच्या हातून घ्यायची. आता त्याच्या तोंडावर नव्याने सक्तीचा झालेला मास्क, मानेवर पट्ट्या. तिला तो ओळखूच येईना. तिच्या लेखी डॅरल म्हणजे ती घोरपड. आदल्या दिवशी ती "हा कोण माणूस, बाहेर काढा" म्हणून ओरडली होती. तीन दिवस ती धड जेवली नव्हती. आज डॅरलने कॉरिडॉरमध्येच पट्ट्या सोलायला घेतल्या, तर तिथल्या मॅनेजरने सांगितलं, टॅटू दिसला तर मला पोलिसांना फोन करावा लागेल.

जाकीट काढून खुंटीला टांगता येतं. मान कुठे टांगायची?

त्याच दुपारी सार्जंट वेंडी बूस्टरला आली. आमच्या भागातली पोलिस, जुनी गिऱ्हाईक. मी सिरिंज भरली आणि विचारलं, "नर्सिंग होममधली एखाद्याची खोली, दार लावलेलं. ती सार्वजनिक जागा का ग?"

"हे टोचण्याआधी विचारतेयस की नंतर?"

"आधी."

"मग बंद दारामागचं मला दिसत नाही. कॉरिडॉर मात्र दिसतो."

म्हणजे प्रश्न एवढाच उरला: खोलीच्या दारापर्यंत झाकायचं आणि आत गेल्यावर सोडायचं. चिकटपट्टीने ते होत नाही. रोज सोलली तर कातडी तिच्याबरोबर येते. मऊ, सैल, हवा खेळणारं, पटकन सुटणारं काहीतरी हवं होतं. दुकानातले सगळे स्कार्फ पॉलिस्टरचे. घरी जेवताना मी हे आईला सांगितलं.

आई तीन महिन्यांसाठी वसईहून आली होती आणि सीमा बंद झाल्याने दोन वर्षं माझ्याकडे अडकली होती. ती उठली, बॅगेतून तिचं लाल चौकडीचं लुगडं काढलं. आमच्या वसईच्या ख्रिस्ती बायकांचं नेहमीचं लुगडं. धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. आमच्या घरातली सगळी तान्ही बाळं असल्याच लुगड्यांच्या तुकड्यांत गुंडाळून वाढली.

"आई, अगं चांगलं आहे ते!"

"मग काय बाय, पोरांना फाटकं देतात का कधी?" म्हणाली आणि टर्रकन फाडलं.

दुसऱ्या दिवशी डॅरल गळ्यात लाल चौकडी बांधून कॉरिडॉरमधून गेला. खोलीत शिरला, दार लावलं, गाठ सोडली. मॉरीनने पाहिलं आणि म्हणाली, "उशीर केलास, घोरपडे." मग अख्खी वाटी मॅश्ड बटाटा खाल्ला. हे सांगताना तो माझ्या काउंटरवर डोकं टेकून रडला, आणि मी मास्कच्या आत.

इथवर ठीक होतं. पुढची चूक माझी. डॅरलने त्याच्यासारख्याच जुन्या मित्रांना सांगितलं. एकेकजण येऊ लागला, "ते डॅरलचं औषध दे." सगळ्यांच्या माना पट्ट्यांनी सोललेल्या. आईला नाही म्हणता येत नाही, आणि लुगडं होतं चांगलं लांब. मी मलम दिलं, तिने तुकडे दिले. कुणालाही एकदासुद्धा वाटलं नाही की एकाच रंगाची फडकी गळ्यात घालून ही मंडळी पेट्रोलपंपावर उभी राहिली तर कसं दिसेल.

आठवड्याने सार्जंट वेंडी आली ती युनिफॉर्ममध्ये आणि गंभीर. फोनवरचा फोटो पुढे धरला. पाच दणकट म्हातारे, पाच लाल चौकड्या.

"हा नवा क्लब कुठला? लोक तक्रार करतायत. माल इथून जातो म्हणे."

आई डबा घेऊन आलेली. तिने चष्मा वर करून फोटो पाहिला. "हे माझं लुगडं," ती म्हणाली. मी भाषांतर केलं. वेंडीचा चेहरा बघण्यासारखा होता.

"ह्याचा अर्थ काय होतो पण?"

"आमच्या गावात रविवारी चर्चमध्ये सगळ्या म्हाताऱ्या हेच घालून बसतात," मी म्हटलं.

"धोकादायक आहेत?"

"सासू असेल तर."

ती हसली नाही. "हे बघ, बंदीच्या यादीत हे नाहीये. पण लोक घाबरतायत. त्यांना सांग, घालू नका."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "घोरपड दाखवायची नाही, कबूल. पट्टीने मान कुजली, तेही भोगलं. आता फडकंही नको? मग ती बाई उपाशी राहू दे का? कुणाच्या मानेला काय झालंय ते मी तुला सांगणार नाही, ते पेशंटचं आहे. पण लाल चौकडीला गुन्हा म्हणायचा असेल तर आधी माझ्या आईला पकड!"

आईला इंग्रजी कळत नाही, पण सूर कळतो. तिने शांतपणे उरलेले तुकडे पिशवीतून काढले. एक स्वतःच्या गळ्यात घातला, एक माझ्या, दोन माझ्या असिस्टंट मुलींच्या. "सगळ्यांनी घातलं की कुणाचंच नाही," म्हणाली. मी तेही भाषांतर केलं. वेंडीने डोळे मिटले, मग वहीत काहीतरी लिहिलं आणि वही बंद केली. काय लिहिलं ते मी आजवर विचारलेलं नाही. महिनाभर आम्ही चौघी लाल चौकडीत काउंटरमागे होतो. तक्रारी थांबल्या.

मार्चमध्ये सीमा उघडल्या आणि आई वसईला गेली. डॅरलची मान बरी झाली. जूनमध्ये इथली थंडी सुरू झाली तेव्हा मॉरीन गेली, झोपेत.

फ्युनरलला मी गेले. चॅपल म्हणजे सार्वजनिक जागा, त्यात शंका नाही. डॅरल सुटाबुटात, गळ्यात आईचा तुकडा, इस्त्री केलेला. जुने मित्र येणार म्हणून दाराशी सार्जंट वेंडी ड्यूटीवर. डॅरल शवपेटीजवळ गेला, थांबला, आणि मागे वळून तिच्याकडे पाहिलं. परवानगी मागितली नाही. नुसतं पाहिलं. वेंडीने पाठ फिरवली आणि कार पार्क न्याहाळू लागली. मग त्याने गाठ सोडली आणि मॉरीनला दिसेल इतका खाली वाकला.

कायदा अजून आहे. तो जावा असं मी म्हणत नाही. जाकिटांना मी अजूनही घाबरते. पण फार्मसीत पहिल्याच वर्षी शिकवतात की चिकटपट्टी लावण्याआधी ती काढायची कशी ते विचारून ठेवावं. हे सरकारलाही कुणीतरी सांगायला हवं होतं.