खालची बाजू

माणसाला पुरतं हताश करून सोडण्याची विद्या कुणाला शिकायची असेल, तर त्याने आमच्या देऊळघाटला यावं आणि माझ्या शेजारच्या घरात महिनाभर राहावं. तिथे गुरांचे डॉक्टर राहतात, आता निवृत्त झालेले. दुसऱ्याची गाय अडली तर भरल्या ताटावरून उठून धावणारा हा माणूस स्वतःची मात्र एकही गोष्ट वेळेवर होऊ देत नाही. कारण विचारलं की एकच उत्तर: "अजून कच्चं हाये, गुरुजी." त्यांच्या दारावर नावाची पाटी नाही, कारण पाटीचं अक्षर अजून मनासारखं उतरलेलं नाही. मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी इतक्या वेळा सुधारली की ती हळदीच्या दिवशी छापून आली, आणि माझ्या हातात पडली तेव्हा वऱ्हाड परत गेलं होतं.

अशा माणसाला देवाने छंद तरी सोपा द्यावा! दिला तो चेलोचा. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, जवळजवळ माणसाएवढा, खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरून वाजवायचा. डॉक्टर नोकरीत असताना त्यांनी एका परदेशी पाद्रीबाबांचं मरायला टेकलेलं कुत्रं वाचवलं. बाबा मायदेशी निघाले तेव्हा हे वाद्य, शिकवणीची चार पुस्तकं आणि ट्रंकभर स्वरलिपी डॉक्टरांच्या ओसरीवर ठेवून गेले. तेव्हापासून युरोपातल्या रोमँटिक काळातलं, दिवाणखान्यात तिघाचौघांनी बसून वाजवायचं ते चेंबर म्युझिक डॉक्टरांच्या डोक्यात शिरलं ते शिरलंच. चेलो ते असा धरतात की वाटावं, आता वासरू बाहेर ओढणार. माझ्या अंगणात बसून रस्त्यावरची म्हैस नुसती ऐकतात आणि सांगतात, "कोमल गंधारात हंबरली, हिले ताप हाये," आणि वाईट म्हणजे ताप असतोही. चेलो वाजवायच्या गजाला घोड्याच्या शेपटीचे केस लागतात. ते शहरातून मागवावेत की नाही? डॉक्टरांनी गावातली लग्नाची पांढरी घोडी धरली. घोडीचं सगळं औषधपाणी त्यांच्याकडे, आणि त्या बदल्यात वर्षातून दोनदा शेपटीतली एक जाड बट. घोडीवाला बिचारा हात जोडून सांगायचा, "साहेब, बाकी सारं ठीक हाये, पन शेपूट पातळ होऊन राह्यलं. नवरीकडचे इचारतात, घोडीले काही रोग हाये काय?"

ज्या रचनेसाठी हा खटाटोप चालला होता ती एका जर्मन संगीतकाराची, पियानो, व्हायोलिन आणि चेलो अशा तिघांसाठी लिहिलेली. पियानोच्या जागी साखरखेर्ड्याच्या बँडपार्टीतला कीबोर्डवाला मिळाला. पहिल्याच तालमीला त्याने काळजीने विचारलं, "साहेब, ह्याच्यात ठेका कुठी हाये? लोक नाचतीन कशावर?" व्हायोलिनला दुसरबीडचे एक निवृत्त पोस्टमास्तर आले. ते जन्मभर भजनाच्या साथीला मांडी घालून, व्हायोलिनचं टोक घोट्यावर टेकवून वाजवत आलेले. खुर्चीवर बसवलं की त्यांचे सूर पळून जात. शेवटी त्यांच्यासाठी टेबलावर सतरंजी अंथरावी लागली. दोघांनाही परदेशी स्वरलिपी वाचता येईना, म्हणून डॉक्टरांनी अख्खी रचना सारेगममध्ये उतरवली, तीही लसीकरणाच्या जुन्या कोऱ्या रजिस्टरांत. त्यामुळे व्हायोलिनचे सूर 'जनावराचा प्रकार' या रकान्यात आले आणि पियानोचे 'शेरा' या रकान्यात. तालमी साखरखेर्ड्याला, बँडपार्टीच्या खोलीत व्हायच्या. लग्नसराईत कीबोर्डवाला मोकळा नसे, श्रावणात पोस्टमास्तर मोकळे नसत, आणि दोघे मोकळे असले की डॉक्टर म्हणत, कच्चं हाये. अशी नऊ वर्षं गेली.

या नऊ वर्षांत घरातल्या रियाजाचा एकमेव श्रोता म्हणजे आमच्या वहिनी, डॉक्टरांच्या पत्नी. त्या स्वयंपाकघरात असायच्या आणि डॉक्टर बैठकीत. रचनेच्या संथ भागात मध्यावर एक जागा आहे. तिथे चेलोला अगदी तळातून निघून एका दमात फार उंच चढायचं असतं आणि वरच्या सुरावर अलगद टेकायचं असतं. डॉक्टर तिथे हमखास जरा खाली पडायचे. पडले की आतून वहिनी पोळ्या उलटायचा सराटा तव्यावर टण्णकन वाजवायच्या. काही बोलणं नाही, नुसता टण्ण! डॉक्टर थांबायचे, घाम पुसायचे, पुन्हा तळाशी जाऊन चढायला लागायचे. पोळ्या होईपर्यंत हे चाले. मी भिंतीपलीकडे पेपर वाचताना तो टण्ण मोजत असे. वहिनींची मागणी सगळ्या नऊ वर्षांत एकच होती. "गुरुजी, तुमीच सांगा ह्याइले," त्या मला म्हणायच्या. "मी इतके वर्सं निस्ती खालची बाजू आयकून राह्यली. त्याच्या वरतं ते दोघं काय वाजवतात ते तं मले एकडाव कळू द्या." खरंच की! घरात फक्त चेलो वाजायचा, आणि ज्या गाण्याला तो आधार देत होता ते गाणं साखरखेर्ड्याला राहायचं. डॉक्टर म्हणायचे, "आयकवीन, पन तुले कच्चं नाही आयकवनार."

मग एक दिवस डॉक्टर पेढे घेऊन माझ्याकडे आले. डोळ्यांत पाणी. "गुरुजी, आज सराटा वाजला नाही!" दुसऱ्या दिवशीही वाजला नाही. तिसऱ्या दिवशी मी भिंतीला कान लावला. मला गाण्यातलं फारसं कळत नाही, पण नऊ वर्षं ऐकलेली चूक मी ओळखणार नाही का? डॉक्टर होते तिथेच पडत होते. आठवडाभराने कुकरच्या दहा-बारा शिट्ट्या झाल्या, वरण करपलं, घरभर धूर झाला, आणि वहिनी कुकरकडे पाठ करून शांतपणे भाजी निवडत बसलेल्या सापडल्या. बुलढाण्याच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कानाच्या नसाच वाळत चालल्या आहेत. जे थोडं उरलंय तेही वर्षभरात जाईल. मी तर पेढेही खाऊन बसलो होतो.

आता इथे कुणीही शहाणा माणूस काय करेल? दुसऱ्या दिवशी दोघांना गाडीत घालून आणेल आणि वाजवेल, कसंही, पण वाजवेल. मी डॉक्टरांच्या हातापाया पडलो, भांडलो, महिनाभर अबोला धरला. डॉक्टर दिवसाचे सहा-सहा तास त्या एका जागेवर झटत राहिले. "गुरुजी, तिले आता एकच डाव आयकू येनार. ते एक तं सुंदर, साजरं पायजे का नाही?" कीबोर्डवाल्याने एका तालमीचं मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं होतं, तेवढं तरी वहिनींच्या कानाशी लावावं म्हटलं. पण डॉक्टरांनी ते त्याच्याकडून केव्हाच पुसून घेतलं होतं. कच्चं होतं ना! आणि इकडे वहिनींना हाक मारायला आधी अंगणातून आवाज द्यावा लागे, मग दारातून, मग खांद्याला हात लावूनच. कानाला लावायचं मशीन आणलं, पण त्यातून त्यांना सगळं भांडी घासल्यासारखं ऐकू येई. त्यांनी ते काढून देवघरात ठेवून दिलं.

शेवटी बैठक ठरली ती पुढच्या फाल्गुनात, रविवारी दुपारी चार वाजता. निमंत्रण डॉक्टरांनी स्वतः लिहिलं: 'घरी यावे. मधे बोलू नये. टाळ्या वाजवू नयेत. शेवटी थोडा वेळ स्तब्ध बसावे.' गावाने याचा जो अर्थ काढायचा तो काढला. वीसएक माणसं आली ती पांढरे कपडे घालून, माना खाली घालून. समोरच्या काकू दुःखाच्या घरी नेतात तसं झाकून पिठलं-भाकर घेऊन आल्या आणि दारात नव्या लुगड्यातल्या वहिनींना बघून जागच्या जागी थबकल्या. माजी सरपंचांनी डॉक्टरांचा हात हातात घेऊन हळूच विचारलं, "कसं झालं हो?" डॉक्टर म्हणाले, "कच्चंच हाये अजून, पन आता थांबून काही उपयोग नाही." सरपंचांनी डोळे पुसले. मला हसू येत होतं, आणि त्याच वेळी वाटत होतं की सगळ्या गावात ही माणसंच बरोबर समजून आली आहेत.

वहिनी पुढच्या खुर्चीवर, मांडीवर पाहुण्यांसाठी खडीसाखरेची स्टीलची वाटी, वाटीत चमचा. मी शेजारी. पोस्टमास्तर टेबलावर मांडी घालून बसले, कीबोर्डवाला बँडचा लाल कोट घालून आला होता, आणि मग ते वाजायला लागलं. काय सांगू! मी इतकी वर्षं भिंतीतून जी रडकी घरघर ऐकत होतो तिच्यावर व्हायोलिन असं काही येऊन बसलं की ती घरघर मला पहिल्यांदा कळली. पांढऱ्या कपड्यातली माणसं माना वर करून बघायला लागली. मी वहिनींकडे पाहिलं. त्या व्हायोलिनकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर डॉक्टरांच्या तारांवर सरकणाऱ्या डाव्या हातावर होती, त्या ओळखीच्या, खालच्या बाजूवर. संथ भाग आला. ती जागा आली. डॉक्टर तळातून निघाले, चढले, चढले, आणि वरच्या सुरावर असे टेकले की पोस्टमास्तरांच्या तोंडून "अहाहा" निघून गेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती जागा बरोबर लागली.

आणि त्याच क्षणी वहिनींनी चमचा वाटीवर वाजवला. टण्ण.

डॉक्टरांचा गज थांबला नाही, पण त्यांनी मान वर करून वहिनींकडे पाहिलं, आणि ते बघणं मला उरलेल्या आयुष्यात विसरता येणार नाही. सगळे गेल्यावर वहिनी मोठ्याने, स्वतःचा आवाज ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा म्हणाल्या, "आज बी तिथंच चुकले ना तुमी!" पत्रिकेतला एक काना सोडला नाही असा तो माणूस. मला वाटलं, आता तरी सांगतील. डॉक्टरांनी मान हलवली. "हाव, चुकलो," ते ओठ नीट हलवून म्हणाले. वहिनी हसल्या. मग म्हणाल्या, "अन् वरतं काय होतं ते सांगा ना." माझ्याशी या विषयावर चार-चार तास बोलणारे डॉक्टर एवढंच म्हणाले, "साजरं होतं." वहिनींनी ओठ वाचले आणि वाटीतली खडीसाखर त्यांच्या हातावर ठेवली.

त्याला आता दीड वर्ष झालं. भिंतीपलीकडून मला चेलोचा एक सूरही ऐकू येत नाही. परवा घोडीवाला रस्त्यात भेटला. घोडी झकास दिसत होती, पांढरं शेपूट पार खुरांपर्यंत आलेलं. मी म्हटलं, आता तर तू खूश असशील. तो म्हणाला, "काहाचा खूश, गुरुजी? लग्नात लोकाइचे पाय पडतात त्याच्यावर. डॉक्टरसाहेबाइले सांगा ना, लय वाढलं, घेऊन जा म्हना." सांगतो म्हणालो. हा निरोप घेऊन मी दोनदा त्यांच्या ओसरीपर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा इकडचं तिकडचं बोलून परत आलो.