वहिनींच्या दंडावरचं बटण

माझ्या वहिनी शिवणकाम करतात. खाली दुकान, वर दोन खोल्या, आणि समोर रस्त्यापलीकडे माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान. थोरला भाऊ गेला त्याला बरीच वर्षं झाली. त्याच्या माघारी वहिनींनी शिवणाच्या मशीनवरच मुलाला वाढवलं, शिकवलं, परगावी नोकरीला धाडलं. आमचं नातं दीर-भावजयीचं, त्यामुळे दिवसातून एकदा तरी भांडल्याशिवाय दोघांनाही चैन पडत नाही.

वहिनी कापड बोटांनी बघतात. कोपरा चिमटीत धरायचा, हलकेच चोळायचा आणि निकाल द्यायचा: हे आटेल, हे विरेल, हे तुमच्या मुलीला टोचेल. डोळ्यांचा उपयोग फक्त सुईत दोरा ओवण्यापुरता. ही चिमूट म्हणजे त्यांचं सगळं भांडवल, आणि मधुमेहाने घाव घातला तो नेमका तिथेच.

पूर्वी साखर तपासायची म्हणजे उपाशीपोटी जाऊन लॅबच्या बाकावर बसायचं. रिपोर्ट संध्याकाळी, डॉक्टर दुसऱ्या दिवशी. म्हणजे बोलणी खायची ती शिळ्या साखरेबद्दल. मग घरी तपासायचं छोटं यंत्र आलं. बोटाला सुई टोचा, थेंब पट्टीवर घ्या, आकडा हजर. आम्हाला हायसं वाटलं. पण रोज टोचून टोचून वहिनींच्या बोटांची टोकं निबर झाली. एकदा गिऱ्हाइकाचं कापड त्यांनी रेशीम म्हणून हातात घेतलं आणि ते निघालं नायलॉन. गिऱ्हाईक हसलं. वहिनी हसल्या नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी टोचणंच सोडून दिलं आणि आम्हाला पत्ता लागू दिला नाही. विचारलं की म्हणायच्या, "झाली हो तपासणी, किती चौकशा कराल!"

व्हायचं तेच झालं. एका दुपारी समोरचा मशीनचा आवाज मध्येच थांबला. दोरा तुटला असेल, असं म्हणून मी डोळ्यावरचं भिंग काढलंसुद्धा नाही. मग एका बाईची हाक आली. जाऊन पाहतो तर वहिनी अर्धवट शिवलेल्या गणवेशावर कोसळलेल्या, अंग घामाने थबथबलेलं, बोलणं असंबद्ध. मधुमेहाची गोळी घेतली होती आणि कामाच्या नादात जेवण राहिलं होतं, त्यामुळे साखर पार उतरली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

पुतण्या धावत आला. आईच्या कॉटपाशी उभा राहून म्हणाला, "आता पुरे, आई. पुन्हा असं झालं तर दुकान बंद आणि तू माझ्याकडे. आणि काका, तुम्ही तिची बाजू घ्यायची नाही." वहिनी भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. त्याच्या घरी त्यांना काही कमी पडलं नसतं. फक्त करायला काही नसतं, आणि याच गोष्टीने त्यांचा थरकाप होत होता.

डॉक्टरांनी मधला मार्ग काढला. वहिनींच्या दंडाच्या मागच्या बाजूला त्यांनी कोटाच्या बटणाएवढी गोल चकती चिकटवली. तिची केसासारखी बारीक तार कातडीखाली जाते, साखर मोजत राहते आणि आकडा फोनवर पाठवते. बोटं टोचायची गरज उरली नाही. साखर उतरली की फोन वाजणार. वहिनींचा वाजणार, पुतण्याचा वाजणार, आणि जवळचा माणूस म्हणून माझाही वाजणार. दवाखान्यातली एक नर्सही तिकडून आकडे बघत राहणार. वहिनींनी तिचं नाव ठेवलं फोनमधली ताई.

माझा विश्वास बसेना. जी वस्तू स्क्रूड्रायव्हरने उघडता येत नाही तिचं मी फारसं मनावर घेत नाही. "हे बंद पडलं तर मी काय करू?" मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "तुमच्या दुकानात तरी कुठलं घड्याळ चालू आहे, भाऊजी?"

पण मला हात टेकावे लागले. बिस्किटाने काय होतं, गोळी घेऊन जेवण लांबवलं तर काय होतं, हे वहिनींना आता तिथल्या तिथे दिसायचं. त्या वेळेवर जेवू लागल्या, आणि त्यासाठी कोणाला ओरडावं लागलं नाही. आणि बोटं मऊ पडली. एका सकाळी चहाचा कप देताना त्यांनी माझ्या नव्या शर्टाची बाही चिमटीत धरली. "सुती म्हणून कोणी गळ्यात मारलं हे तुमच्या?" दुकानदाराशी चांगली हुज्जत घालून घेतलेला शर्ट होता तो. एरवी मी भांडलो असतो. त्या दिवशी मात्र मला भरून आलं.

आणि मग एकाएकी फोन वाजायला लागला. रोज दुपारी, मशीन चालू असताना. साखर उतरली, साखर उतरली! हातातलं काम टाकून मी रस्ता ओलांडायचो. वहिनी मजेत शिवत असायच्या. "मला काही होत नाहीये हो!" त्या म्हणायच्या. मी ऐकतो कसला! चमचाभर साखर तोंडात कोंबल्याशिवाय हलायचो नाही. पुतण्याचा तिकडून फोनवर फोन. शेवटी तो म्हणाला, "शनिवारी येतोय. सामान भरून ठेव." वहिनींनी वाद घातला नाही. मशीनला तेल दिलं, पुसून काढलं आणि वर आच्छादन घातलं. ते आच्छादन मी आजवर कधी पाहिलंच नव्हतं.

शनिवारी पुतण्या भली मोठी बॅग घेऊन आला. तो दुकानात बसलेला असतानाच फोनमधल्या ताईचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन धरला, वहिनी समोर.

"आई, रात्री तुमची साखर छान असते. सकाळीही छान. कामाला बसलात की धाडकन पडते. कामाला बसताना काय वेगळं करता?"

"काही नाही बाई. पट्टी बांधते आणि बसते."

"कसली पट्टी?"

वहिनींचा चेहरा खुलला. मापाची टेप त्या चकतीत अडकायची, मापं देताना पोरं तिला हात लावायची, म्हणून त्यांनी दंडासाठी खास पट्टी शिवली होती. आत मऊ अस्तर, कडेला इलॅस्टिक, टीप अशी की शोधून सापडू नये. "एक सुरकुती पडत नाही, बघा," म्हणत त्यांनी ती दंडावर चढवून दाखवली.

"आई, आत बोट जातं का?"

वहिनींनी बोट घालून पाहिलं. जाईना.

"चकती दाबली गेली की ती चुकून कमी आकडा दाखवते," ताई म्हणाली. " हे तेच असेल, पण खात्री केल्याशिवाय मी बोलणार नाही. पट्टी राहू द्या. फोन वाजला की जुन्या यंत्रावर बोट टोचून बघा."

आम्ही तिघं बसून राहिलो. फोन वाजला. वहिनींनी आपल्या बोटाकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं आणि सुई टोचून घेतली. पुतण्याने यंत्र उचललं. फोन म्हणत होता साखर उतरलीय. यंत्रावरचा आकडा मात्र अगदी ठणठणीत होता.

"काढा ती पट्टी," ताई हसत म्हणाली. पट्टी निघाली, आणि थोड्या वेळाने फोनवरचा आकडाही वर आला. वहिनी त्याकडे बघत राहिल्या आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आले, जरा सैल राहू द्या, अंगाला श्वास घ्यायला जागा हवी. आणि स्वतःचंच माप आवळलं!" साखर भरवणारा शहाणा मीच होतो, पण ते कोणी बोललं नाही, याबद्दल मी दोघांचा आभारी आहे.

पुतण्या म्हणाला, "फोन वाजला की माझे हातपाय गळतात गं आई."

"माहीत आहे मला," वहिनी म्हणाल्या. "पण बघतोयस ना मला? पूर्वी आठवड्याला एकदा फोन करायचास. आता दिवसभर माझ्याकडे लक्ष असतं तुझं. लांब राहूनही जवळ आलास. मला आणखी काय हवं?" बोलता बोलता त्यांनी त्याच्या कॉलरची कड चिमटीत धरली होती. "झिजलीय. काढ तो शर्ट, कॉलर उलटवून देते."

त्यांनी मशीनवरचं आच्छादन काढलं. कॉलर झाली. बॅगेची चेन अडकत होती, ती बदलली. नवी पट्टीही शिवून झाली, चांगली ऐसपैस. मी त्या चकतीला मनातल्या मनात हात जोडले आणि दुकानात परतलो. समोरून मशीनचा आवाज येत होता.

संध्याकाळी पुतण्या निघाला. बॅग रिकामीच परत गेली, पण चेन एका ओढीत लागत होती.